नुसतं टाइपच करायचंय ना?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत लॅपटॉप खरेदीवर आलेला पानभर लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा वाचक म्हणून आणि दुसऱ्यांदा सवयीनं, कारण आयुष्याची ३१ वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली आहेत. लेखात गेम खेळणाऱ्यांसाठी चौकट होती, व्हिडिओ करणाऱ्यांसाठी होती, प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांसाठीही होती. लिहिणाऱ्यांच्या वाट्याला शेवटचं एक वाक्य आलं: केवळ टायपिंगच करायचं असेल, तर कुठलाही स्वस्त लॅपटॉप चालेल.

हेच वाक्य चार वर्षांपूर्वी माझ्या भाच्यानं ऐकवलं होतं. "मावशी, तुला नुसतं टाइपच करायचंय ना? मग कशाला एवढा विचार करतेस? कुठलाही घे." मुलगा हुशार आहे, यंत्रांतलं त्याला कळतं, म्हणून ऐकलं. त्या ऐकण्याची किंमत मी दीड वर्ष मोजली, त्यामुळे हे पत्र जरा लांबणार आहे. कापलंत तरी कीबोर्डचा भाग तेवढा राहू द्या.

मी कथा लिहिते. फार नाही, वर्षाला चार-पाच, त्यांतल्या एक-दोन छापून येतात. निवृत्तीनंतर एक कादंबरी हाती घेतली आणि हातानं लिहून मनगट भरून यायला लागलं, तेव्हा लॅपटॉपचा विषय निघाला. बजेट अर्थातच बेताचं. भाच्यानं निवडलेलं यंत्र नवं कोरं, चकचकीत, १५.६ इंची पडद्याचं. रॅम ४ जीबी, साठवण ६४ जीबी, तीही एसएसडी, म्हणजे हल्लीची वेगवान साठवण, नव्हे तर ईएमएमसी. ही नावं तेव्हा मला ठाऊक नव्हती. ईएमएमसी म्हणजे मेमरी कार्डाच्या जातीची, मदरबोर्डलाच चिकटवलेली साठवण, हे मला महिन्याभरात कळलं. विंडोजचं अपडेट आलं आणि 'जागा अपुरी' असं सांगू लागलं. जागा कुणी खाल्ली? मी तर नव्हे. देवनागरीचं एकेक चिन्ह यूनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीनं साठवायला ३ बाइट लागतात, इंग्रजी अक्षराला एकच. तरीसुद्धा लाखभर शब्दांची कादंबरी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये २ एमबीच्या आसपास मावते. म्हणजे ६४ जीबीत माझ्यासारखीच्या तीस हजार कादंबऱ्या बसाव्यात. इथे एक अर्धी कादंबरी होती आणि यंत्राचा श्वास कोंडला होता. जागा सगळी विंडोजनं आणि त्याच्या अपडेटनी व्यापलेली.

जागेपेक्षा त्रास झाला तो वेगाचा. लिहिणाऱ्याला वेग लागत नाही, हा समज कुणी पसरवला कोण जाणे! व्हिडिओवाल्याचं यंत्र मंद असेल तर तो उठून पाणी पिऊन येतो. माझं यंत्र मंद असलं की मी 'ती म्हणाली' लिहिते आणि पडद्यावर 'ती' एवढंच दिसतं, बाकीचं मागून रखडत येतं. संवाद लिहिताना तर पात्र पुढे बोलून गेलेलं असतं आणि मी मागे राहिलेल्या वेलांटीची वाट बघत बसते. तेवढ्यात पुढचं वाक्य जातं, ते परत येत नाही.

आता कीबोर्ड. आपल्या लेखात त्याबद्दल 'बॅकलिट आहे' यापलीकडे एक अक्षर नाही.

मी इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय लिपींसाठीच्या प्रमाणित कीबोर्ड-मांडणीवर, टाइप करते. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारे पुष्कळ आहेत, त्यांना पुढचा त्रास कमी होईल. इनस्क्रिप्टमध्ये ढोबळ मानानं डाव्या हाताकडे स्वर-मात्रा आणि उजव्या हाताकडे व्यंजनं. इंग्रजी लिहिणाऱ्याला कीबोर्डच्या उजव्या काठावरची बटणं क्वचित लागतात. तिथे अर्धविराम, चौकटी कंस, अवतरणचिन्ह, तिरकी रेघ अशी अधूनमधून येणारी मंडळी असतात. इनस्क्रिप्टमध्ये त्याच काठावर च, ट आणि ड राहतात, आणि 'ऑ'ची मात्राही तिथेच, त्या तिरक्या रेघेच्या बटणावर. आता 'डॉक्टर' हा शब्द घ्या. ड, ॉ, क, हलन्त, ट, र. सहा दाबांपैकी तीन काठावरचे आणि तिन्ही उजव्या करंगळीचे.

माझ्या त्या यंत्रात उजवीकडे आकड्यांची वेगळी पट्टी कोंबलेली होती. हिशेबनिसाला ती सोयीची. पण तिच्यासाठी जागा करायला उजव्या काठावरची बटणं चेपून अरुंद केलेली, आणि तिरक्या रेघेचं बटण तर एंटरला असं चिकटलेलं की दर दोन डॉक्टरांमागे एक परिच्छेद तुटायचा. माझ्या कादंबरीचा नायक डॉक्टर आहे. त्याला कंपाउंडर करावं असंही एकदा मनात आलं होतं, पण त्यातही ड आहेच.

शिवाय बटणं उथळ. बोटाला बटण दाबलं गेल्याचं कळायला हवं. चांगल्या कीबोर्डवर बटण साधारण दीड मिलिमीटर खाली जातं; एक मिलिमीटरवर टेकणारं बटण म्हणजे टेबलावर बोटं आपटणं. आणि मधोमध जरा जोरानं दाबलं की माझ्या यंत्राचा अख्खा कीबोर्ड खाटेसारखा लवायचा. तासाभरानं बोटांच्या पेरांत कळ. बॅकलाइट होता की नाही, ते आठवतही नाही. इनस्क्रिप्टची अक्षरं त्या बटणांवर छापलेलीच नव्हती, उजेड पाडून दाखवणार काय!

पडद्याचंही थोडं सांगते. १५.६ इंचांवर १३६६ गुणिले ७६८ ठिपके म्हणजे इंचाला जेमतेम १००. इंग्रजी त्यावर वाचता येतं. देवनागरीत वर रफार, वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, त्यामुळे तेवढ्याच ठिपक्यांत जास्त ऐवज भरावा लागतो. 'घ'चा 'ध' दिसतो, 'ष'चा 'प' होतो, आणि अनुस्वार आहे की पडद्यावर धूळ बसली आहे हे बोट लावून बघावं लागतं. मुद्रितशोधकाला ही शिक्षाच. ओळीही कमी मावतात. १४ पॉइंटच्या अक्षरात, वरची बटणांची पट्टी आणि खालची पट्टी वजा जाता, मला एका वेळी पंधरा-सोळा ओळी दिसायच्या. कथेत तीन परिच्छेदांपूर्वी पात्र बसलं होतं की उभं होतं, हे बघायला दर वेळी वर जायचं. १४ इंचांवर १९२० गुणिले १०८० असेल तर इंचाला १५७ ठिपके होतात आणि डोळ्यांना पडणारा फरक चष्म्याचा नंबर बदलल्यासारखा असतो. पडद्याची उंची रुंदीच्या मानानं थोडी जास्त असलेला, १९२० गुणिले १२००वाला मिळाला तर लिहिणाऱ्यानं तो आधी बघावा. आणि पडदा आयपीएस प्रकारचा, बाजूनंही स्पष्ट दिसणारा, आहे ना, हे विचारावं. टीएन प्रकारच्या पडद्यासमोर मान जरा हलली की मजकूर फिकुटतो. चकचकीत काचेपेक्षा मॅट बरा. लिहिताना स्वतःचं तोंड बघत बसायची कुणाला हौस आहे?

दीड वर्षानं एका संध्याकाळी ते यंत्र अपडेटच्या मध्येच अडकलं आणि अकरा पानं घेऊन गेलं. (आता दोन पेनड्राइव्ह आणि रोज रात्री स्वतःलाच एक ईमेल. अकरा पानं गेल्याखेरीज ही शिस्त येत नाही, असं दिसतं.)

दुसऱ्या वेळी मी भाच्याला सोबत नेलं, पण बोलू दिलं नाही. जुना घ्यायचा हे ठरवूनच गेले. मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांना दिलेले लॅपटॉप काही वर्षांनी बदलतात, आणि ते दुरुस्त करून पुन्हा विकले जातात. लेनोवोच्या थिंकपॅडची टी मालिका, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक ही त्यांतली नेहमी दिसणारी नावं. दिवसभर टाइप करणाऱ्या माणसांसाठी ती बनवलेली असल्यामुळे कीबोर्डावर कंजुषी केलेली नसते. बऱ्याच मॉडेलांत तळाचे स्क्रू काढून बॅटरी, एसएसडी, कधी रॅमही बदलता येते. त्याच पैशांत मिळणाऱ्या नव्या स्वस्त लॅपटॉपशी तुलना केली, तर लिहिणाऱ्याचं पारडं इकडे झुकतं असं माझं स्पष्ट मत आहे.

फसायच्या जागा मात्र आहेत. विंडोज १०चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेची नेहमीची अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ला अधिकृतपणे टीपीएम २.० ही यंत्रातली सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. "सातव्या पिढीवरही चालतं हो," असं सांगणारा विक्रेता मला भेटला. चालत असेल, पुढची अपडेट मिळत राहतील याची हमी त्यानं दिली नाही. जिथे विंडोज ११ बसत नाही तिथे विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली टाकून उत्तम लिहिता येतं, इनस्क्रिप्ट तिथेही आहे आणि लिहायचं लिबरऑफिस फुकट आहे. पण नवं काही शिकायची तयारी हवी. बॅटरीचा अहवाल विंडोजमध्येच निघतो: मूळ क्षमता किती, आता पूर्ण चार्ज केल्यावर किती. "बॅटरी एकदम मस्त" म्हणून दाखवलेल्या एका यंत्राची ५० वॅट-तासांवरून २७वर आलेली होती. भाच्यानं इथे एक कामाची गोष्ट केली. लॅपटॉप रीसेट करून इंटरनेटला जोडून बघितला, कारण जुन्या मालक कंपनीचं कुलूप तसंच राहिलं असेल तर तो सुरू होतानाच त्या कंपनीचं लॉगिन मागत बसतो.

निवड कशी केली ते सांगते. माझ्याच एका छापील कथेचं पान मी बरोबर नेलं होतं, त्यात डॉक्टर सात वेळा. विंडोजच्या सेटिंगमध्ये मराठी कीबोर्ड जोडायला दोन-तीन मिनिटं लागतात. तीन यंत्रांवर तेच पान उभ्याउभ्या नव्हे, नीट खुर्चीत बसून टाइप केलं आणि मग तिथेच मुद्रित तपासलं. पहिल्यावर २३ चुका, दुसऱ्यावर १४, तिसऱ्यावर ६. दुकानदार घड्याळ बघत होता. पहिलं यंत्र तिघांत सगळ्यांत नवं होतं आणि त्याचा प्रोसेसर सगळ्यांत वेगवान. तिसरं घेतलं: १४ इंची थिंकपॅड, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, झाकणावर एक ओरखडा. त्याच्या डाव्या कोपऱ्यात कंट्रोलच्या जागी एफएनचं बटण आहे. महिनाभर मी 'जतन करा' म्हणून भलतंच दाबत होते. यंत्र सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये (बायॉसमध्ये) ही दोन बटणं अदलाबदल करता येतात, हे कळलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

बाकी गोष्टींवर फार शब्द घालवत नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड नको. पैसे, वजन आणि पंख्याचा आवाज तिन्ही वाढतं. रॅम मागाहून वाढवता येत नसेल तर सुरुवातीलाच ८ जीबी घ्या. हल्ली 'एआय लॅपटॉप' म्हणून जास्त पैसे सांगतात. त्यानं माझा डॉक्टर अधिक खरा बोलायला लागेल असं वाटत नाही. ब्राउझरमध्येच लिहिणाऱ्यांना क्रोमबुक, म्हणजे गूगलच्या प्रणालीवर चालणारा लॅपटॉप, चांगलं आणि हलकं पडतं, फक्त त्या मॉडेलला अपडेट कधीपर्यंत मिळणार ती तारीख आधी बघावी, जुनं घेताना तर नक्कीच.

आता विनंती. आपले परीक्षक लॅपटॉपला तारे देतात. बॅटरीला साडेतीन, कामगिरीला चार. त्यांनी प्रत्येक यंत्रावर मराठी मजकुराचं एक पान टाइप करावं, तेच पान, दर वेळी, आणि चुका मोजून आकडा छापावा. त्यासाठी वेगळी चौकट नको, एक ओळ पुरे. आपल्याकडे रोज मराठी टाइप करणारी अख्खी कचेरी आहे, त्यामुळे माणसं शोधावी लागणार नाहीत. पान हवं असेल तर माझं पाठवते.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक

ता. क. सदर लेखात 'कीबोर्ड' तीन ठिकाणी दीर्घ आणि एके ठिकाणी ऱ्हस्व छापला आहे, दुसऱ्या स्तंभात, खालून पाचवी ओळ.