परळमध्ये झालेलं काम तालुक्याला कधी कळणार?

माननीय संपादक, सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत फुप्फुसाच्या कॅन्सरवर पानभर लेख होता. लेख चांगलाच होता, पण वाचून झाल्यावर राहवेना म्हणून लिहितोय. त्यात सिगारेटचे तोटे होते, अमेरिकेतली नवी महागडी औषधं होती, पण आपल्या परळच्या टाटा हॉस्पिटलबद्दल फक्त एक वाक्य, की तिथे गर्दी फार असते. अहो गर्दी असतेच, पण त्याच गर्दीत बसून तिथल्या डॉक्टरांनी फुप्फुसाच्या कॅन्सरवर जे संशोधन केलंय ते जगभरचे कॅन्सरचे डॉक्टर वाचतात, आणि आपल्या मराठी वाचकाला त्यातलं एक अक्षर माहीत नाही.

माझं फलटणला मेडिकल आहे. मी डॉक्टर नाही, फार्मसी केलेला माणूस आहे, पण औषधं रोज हातातून जातात त्यामुळे थोडं वाचत असतो.

टाटाच्या डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि त्यांच्या टीमची एक ट्रायल २०२० साली जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कोलॉजीमध्ये छापून आली. काही पेशंटच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर नावाच्या जीनमध्ये बिघाड असतो, त्यामुळे पेशीला वाढ वाढ असा सिग्नल सतत मिळत राहतो. हा बिघाड असेल तर गोळीने फरक पडतो हे २००४ मध्ये अमेरिकेत सापडलं, आणि पुढे अशा पेशंटला आधी नुसती जेफिटिनिबची रोज एक गोळी द्यायची, ती चालेनाशी झाली की मग केमो, अशी पद्धत पडली. पण आपल्याकडे ते "मग" बऱ्याचदा येतच नाही, आजार परत उसळेपर्यंत पेशंट इतका खंगतो की केमो झेपत नाही. म्हणून परळच्या डॉक्टरांनी विचारलं की दोन्ही पहिल्यापासून एकत्र का देऊ नये. ३५० पेशंट घेतले, निम्म्यांना नुसती गोळी, निम्म्यांना गोळी आणि सोबत पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिनची केमो. नुसत्या गोळीवर आजार साधारण ८ महिने आटोक्यात राहिला, दोन्ही एकत्र घेणाऱ्यांचा १६ महिने. नुसती गोळी घेणाऱ्यांपैकी निम्मे पेशंट १७ महिन्यांच्या आत गेले, तर दोन्ही घेणाऱ्यांमधले निम्म्याहून जास्त हिशोब मांडला तेव्हाही हयात होते.

मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती म्हणजे त्यांनी पेशंट कसले घेतले. परदेशातल्या बऱ्याच ट्रायलमध्ये धडधाकट लोकच घेतात, इथे साधारण पाचातला एक पेशंट असा होता की जो स्वतःचं स्वतः करू शकतो पण कामधंदा होत नाही, शिवाय काहींचा आजार मेंदूपर्यंत गेलेला. म्हणजे खरोखर जसे पेशंट ओपीडीत येतात तसे. आणि औषधं कुठली, तर जी आपल्याच कंपन्या जेनेरिक बनवतात ती. जपानमध्येही त्याच सुमारास अशीच ट्रायल झाली हे खरं आहे, आणि २०२३ ला ऑसिमर्टिनिब या नव्या गोळीसोबत केमो देऊन मोठी आंतरराष्ट्रीय ट्रायल झाली त्यातही दोन्ही एकत्र दिलेलं सरस ठरलं. म्हणजे परळवाल्यांचा विचार बरोबरच होता. त्रास वाढतो हेही सांगायला हवं, गंभीर साइड इफेक्ट नुसत्या गोळीवर २५ टक्के लोकांना आणि दोन्हीवर ५१ टक्के लोकांना झाले, तेव्हा कुणाला काय द्यायचं हे डॉक्टरांनीच ठरवायचं, पेपर वाचून कुणी हट्ट धरू नये.

त्याआधी २०१३ मध्ये टाटाच्याच डॉ. अनुराधा चौगुले, डॉ. अमित दत्त वगैरे मंडळींनी ९०७ भारतीय पेशंट तपासले होते, त्यात २३ टक्क्यांमध्ये हा ईजीएफआरचा बिघाड सापडला, गोऱ्या लोकांपेक्षा बराच जास्त. आणि बायकांमध्ये आणि कधीही न ओढणाऱ्यांमध्ये प्रमाण आणखी जास्त. आता सांगा, "फुप्फुसाचा कॅन्सर म्हणजे सिगारेट" एवढंच छापलं तर चुलीपुढे आयुष्य काढलेल्या बाईला खोकला लागल्यावर घरच्यांच्या मनात कॅन्सर येईल का?

आमच्या चुलत वहिनींच्या बाबतीत हेच झालं. बिडी नाही, तंबाखू नाही, मिश्रीसुद्धा नाही. खोकला आणि वजन उतरत गेलं, एक्सरेत उजवीकडे डाग दिसला, तालुक्यातल्या एका डॉक्टरांनी टीबी म्हणून एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्या, चालू केली. थुंकीत जंतू सापडले नव्हते, टीबीचा जंतू त्याच्या जीनवरून ओळखणारी जीन एक्सपर्ट टेस्ट केलीच नाही, तरी सहा महिन्यांचा पूर्ण कोर्स. माझ्याच दुकानातून गोळ्या गेल्या, टीबीची औषधं एच-वनच्या, म्हणजे ठरावीक औषधांच्या विक्रीची नोंद ठेवायच्या, रजिस्टरला लिहावी लागतात, पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती गोळ्या, महिन्यामागून महिना तेच नाव. दोन महिन्यांनी डाग तसाच होता तेव्हाच सीटी स्कॅन व्हायला हवा होता. टाटाला पोचल्या तोवर फुप्फुसाभोवती पाणी झालेलं आणि आजार हाडात. तिथे ईजीएफआर पॉझिटिव्ह आलं, गोळी आणि केमो दोन्ही चालू झालं, तोंडावर पुरळ, जुलाब, सगळं सोसलं त्यांनी, पण पुढचं दीड वर्ष त्या घरात हिंडत्या फिरत्या होत्या, नातवाला शाळेत सोडायला जात होत्या. ते दीड वर्ष आम्हाला त्या संशोधनाने दिलं असं मी मानतो. आधीचे सहा महिने वाया गेले नसते तर काय झालं असतं हा विचार डोक्यातून जात नाही.

टीबी आपल्याकडे आहेच, डॉक्टरांना आधी टीबी आठवणारच, त्यात गैर काही नाही. पण थुंकीत काही सापडत नाही आणि औषधानेही डाग हलत नाही, तर पुढची तपासणी का होत नाही?

दुसरा घोळ बायोप्सीचा. मध्ये एक मुलगा दुकानात आला, हातात छोटी प्लास्टिकची डबी, आत पाण्यात दोऱ्याएवढे पांढरट दोन तीन तुकडे, वडिलांच्या फुप्फुसातले, म्हणाला हे पुण्याला लॅबला न्यायचंय, यात फॉर्मालिन (तुकडा टिकवायचं औषध) टाकून द्या. तुकडा काढल्या काढल्या फॉर्मालिनमध्ये जायला पाहिजे, साध्या पाण्यात तो खराब होतो. आणि तेवढ्याशा तुकड्यावर आधी कॅन्सर कुठल्या जातीचा ते ठरवायचं, त्यात तो संपला की ईजीएफआर टेस्टला काही उरतच नाही, मग म्हाताऱ्या माणसाला परत सुई. टेस्टच झाली नाही तर परळचं संशोधन त्या माणसाच्या काय उपयोगाचं, त्याला गोळी लागू पडणार की नाही हे कळणारच कसं?

तेव्हा माझी विनंती अशी, पुढच्या पुरवणीत टाटाच्या या डॉक्टरांची मराठीतून सविस्तर मुलाखत छापा. मुंबईला न जाता जिल्ह्याच्या ठिकाणी बायोप्सी घेतली तर तुकडा किती घ्यावा, कसा पाठवावा, ब्लॉक (लॅबने मेणात बसवून ठेवलेला तुकडा) कुणाकडून मागून घ्यावा, तुकडा पुरला नाही तर रक्तावरची टेस्ट कधी चालते, हे त्यांना विचारा. आणि सातारा, सोलापूर, सांगलीच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये तुमचा बातमीदार पाठवून एवढंच शोधा की फुप्फुसाच्या कॅन्सरचा पेशंट आला तर त्याची ईजीएफआर टेस्ट होते का, कुठे होते, पैसे कोण भरतं आणि रिपोर्ट यायला किती दिवस लागतात. जी उत्तरं मिळतील ती गावांच्या नावासकट छापा, कात्रण मी दुकानात काउंटरवर लावतो.

आपला नम्र,
एक औषध विक्रेता, फलटण, जि. सातारा