धुतल्याशिवाय झुलीची घडी घालू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी सरली की घोड्यांच्या अंगावरच्या झुली उतरतात आणि अनेक तबेल्यांत त्या उतरल्या तशाच खोगिराच्या खोलीत एका कोपऱ्यात रचल्या जातात. पुढच्या हंगामात ढीग उपसला की कुठे बुरशीचे काळे ठिपके, कुठे कसरीने पाडलेली भोके, कुठे उंदरांनी केलेले घर. मग मालच हलका होता असे म्हणून नवी झूल आणली जाते. खरे तर झूल अंगावर असताना जेवढी झिजते त्याहून अधिक ती मळकट आणि दमट अवस्थेत पडून राहिल्याने खराब होते. हे पूर्णपणे टाळता येते, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी मळाबद्दल. झुलीत घाम, लघवी, शेण, कोंडा आणि केस असे सगळे मुरलेले असते. घामातले क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात, त्यामुळे वरून कोरडी वाटणारी झूल आतून दमटच राहते आणि बुरशीला जागा मिळते. लघवी मुरलेल्या भागात शिवणीचा दोरा आणि पाणी अडवणारा आतला लेप दोन्ही लवकर कमजोर होतात. झुली बहुधा शेपटीकडच्या बाजूला आणि पायांच्या पट्ट्यांपाशी आधी फाटतात, त्यात या लघवीचा मोठा वाटा असतो. लोकरीचे म्हणाल तर कसरीची अळी स्वच्छ लोकरीपेक्षा घामाने मळलेल्या लोकरीवर जास्त जोमाने वाढते.

धुण्याआधी झूल पूर्ण वाळू द्यावी आणि कडक ब्रशने दोन्ही बाजूंनी झाडावी. ओला चिखल घासला की तो विणीत आणखी खोल जातो. वाळलेला सुटून पडतो. अस्तरावरचे केस रबरी खराऱ्याने गोल फिरवत काढले की गोळा होऊन येतात. हे काम नीट झाले तर पुढची निम्मी धुलाई वाचते.

पाणी अडवणारी झूल थंड किंवा जेमतेम कोमट पाण्यात धुवावी. लेबलवर वेगळे लिहिलेले नसेल तर ३० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नये. सौम्य द्रव साबण पुरतो. ब्लीच नको, कपडे मऊ करणारे द्रव्य तर अजिबात नको. त्याचा थर कापडावर बसतो आणि पाणी थेंबांनी ओघळण्याऐवजी कापडात मुरू लागते. साबण राहून गेला तरी हेच होते, शिवाय घोड्याच्या कातडीला खाज सुटते. म्हणून फेस येणे थांबेपर्यंत खळबळावे. तीन पाण्यांत भागेलच असे नाही. जोराच्या फवाऱ्याचे यंत्र जवळून मारू नये. त्या दाबाने पाणी शिवणीतून आत घुसते आणि लेप सोलला जातो. जाड झूल घरच्या वॉशिंग मशीनमध्ये कोंबणेही चुकीचे आहे. भिजल्यावर तिचे वजन ड्रमला पेलत नाही, बकले ड्रमवर आपटतात आणि केसांनी निचऱ्याची नळी तुंबते. स्वच्छ फरशीवर पसरून मऊ ब्रशने घासणे सर्वांत सुरक्षित. लोकरीच्या झुलीला लोकरीचाच साबण वापरावा आणि ती घासू नये, पिळूही नये. गरम पाणी आणि घर्षण एकत्र आले की लोकर आक्रसून नमद्यासारखी घट्ट होते.

वाळवण्यात सर्वांत जास्त घाई होते. झूल रुंद आडव्या बांबूवर टाकावी, दोरीवर नको. दोरीवर सगळे वजन एका रेषेवर येते. आधी अस्तर बाहेरच्या बाजूला ठेवावे, मग उलटवावे. नायलॉन आणि पॉलिएस्टर कडक उन्हात दिवसेंदिवस ठेवले तर धागा कमजोर होतो, म्हणून वारा खेळता असलेली सावली बरी. दर चौरस मीटरला २०० किंवा ३०० ग्रॅम भरण असलेली झूल वरून एका दिवसात कोरडी दिसेल, पण शिवणींच्या कडेला आणि मानेपाशी ओल दोन-तीन दिवस टिकते. तिथे तळहाताने जोरात दाबून पाहावे. किंचित गार लागले तरी ती अजून वाळायची आहे.

दुरुस्ती ठेवण्यापूर्वीच करावी, कारण थंडीच्या पहिल्या रात्री शिवायला वेळ नसतो. छातीवरच्या बकलांची शिवण, पोटाखालून तिरपे जाणाऱ्या पट्ट्यांची मुळे, मागच्या पायांच्या पट्ट्यांचे इलॅस्टिक आणि स्नॅप हूकची स्प्रिंग या चार जागा हाताने ओढून तपासाव्यात. इलॅस्टिक सैल पडले असेल तर दोन्ही पट्टे एकदमच बदलावेत, नाहीतर झूल एका बाजूला सरकते आणि घोड्याचे खांदे घासून केस जातात. सुती दोरा ओलाव्याने कुजतो. पॉलिएस्टरचाच दोरा घ्यावा. ठिगळाचे कोपरे गोल कापावेत, चौकोनी कोपरा आधी उचकटतो. सुईने पडलेल्या भोकांवर शिवणबंद द्रव लावल्याशिवाय ती जागा पाणी अडवणार नाही.

धुतल्यावर कापडावर पाणी शिंपडून पाहावे. थेंब गोल राहून ओघळले तर ठीक. पसरून मुरले तर जलरोधक फवारा द्यावा, शिवणींवर दोन हात द्यावेत. मात्र आतून पांढरट पापुद्रे किंवा भुकटी निघत असेल तर लेपच सुटलेला आहे आणि फवाऱ्याने तो परत येत नाही. अशी झूल बाहेर पावसात न वापरता तबेल्याच्या आत वापरावी. आतले भरण गोळा होऊन गाठी झाल्या असतील तर तीही बाद करावी. आयाळ संपते तिथल्या उंचवट्यावर ती गाठ रात्रभर दाबत राहते. घोड्याला बोलता येत नाही, हे आपणच पाहायचे.

आता घडी. सगळी बकले लावून, पट्टे आतल्या बाजूला घेऊन, लांबीच्या दिशेने अर्धी आणि मग सैल तीन घड्या. दरवर्षी त्याच रेषेवर घडी घालू नये, लेपाला तिथेच भेगा जातात. हवा काढून दाबणाऱ्या पिशव्या जागा वाचवतात खऱ्या, पण महिनोन्महिने दबलेले भरण पुन्हा पूर्वीसारखे फुगत नाही आणि झुलीची ऊब त्या फुगीरपणातच असते. कृत्रिम धाग्याच्या झुली पूर्ण वाळलेल्या असतील तर घट्ट झाकणाच्या कठीण प्लास्टिकच्या किंवा पत्र्याच्या पेटीत ठेवाव्यात. पातळ पिशवी उंदीर एका रात्रीत कुरतडतात. लोकरीची झूल सुती खोळीत घालून मगच पेटीत ठेवावी. पेटी जमिनीपासून वीतभर उंच फळीवर आणि भिंतीपासून थोडी सुटी असावी. पत्र्याच्या छपराखालचा माळा टाळावा, तिथल्या उष्णतेने लेप चिकट होऊन सोलतो. दाण्याच्या पोत्यांशेजारीही नको. उंदीर तिथे आधीच आलेले असतात.

डांबरगोळ्यांवर फार विसंबू नये. त्यांची वाफ विषारी असते, वास कापडात मुरतो आणि तशीच झूल घोड्याच्या अंगावर टाकणे गैर आहे. स्वच्छ धुणे, घट्ट झाकण आणि मधूनमधून पेटी उघडून घड्या झटकणे हाच कसरीवरचा खरा उपाय. गजकर्ण झालेल्या घोड्याची झूल मात्र बाकीच्यांबरोबर धुवू नये आणि ठेवूही नये. त्या बुरशीचे बीजाणू कापडात अनेक महिने जिवंत राहतात. पशुवैद्यकाला विचारून बुरशीनाशक वापरावे आणि त्या पेटीवर तशी ठळक खूण करावी.

प्रत्येक पेटीवर घोड्याचे नाव, झुलीचे माप (छातीच्या मध्यापासून शेपटीपर्यंतची लांबी), भरणाचे ग्रॅम, धुतल्याची तारीख आणि राहिलेली दुरुस्ती लिहावी. जाड झुली मागे, पातळ पुढे. थंडी सुरू होताना आधी पातळच लागते आणि तिच्यासाठी सगळा ढीग उपसावा लागू नये.

तबेल्याच्या मालकांना एक कळकळीची विनंती. हे काम रोजचा खरारा, दाणापाणी सांभाळून मधल्या वेळात उरकण्यासारखे नाही. मोतद्दारांना त्यासाठी हंगामाच्या शेवटी वेगळे दिवस, पुरेसे पाणी आणि वाळवायला जागा द्यावी. ती न देता कुजलेल्या झुलीचा ठपका त्यांच्यावर ठेवणे अन्यायाचे आहे.

आपला,
एक अश्वपालक वाचक