साम्रदच्या दादांना, आईच्या त्या फोनबद्दल

दादा, नमस्कार.

निघताना तुमचे आभार मानायला आले, तर तुम्ही म्हशीला पाणी दाखवायचं निमित्त काढून गोठ्याकडे सटकलात. म्हणून आता चार लोकांदेखत मानते. पळायला जागा नाही.

मुलगी तिकडे जर्मनीत, आमचे दोघांचेही ऑफिसचे डबे बंद झालेले. यंदाचा उन्हाळा डोंबिवलीच्या पंख्याखाली काढायचा नाही, हे ठरवूनच टाकलं होतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात कसारा लोकल पकडली, पुढे जीपने बारी. घरच्यांनी एकच अट घातली होती: ठाण्याला भावाकडे असलेल्या माझ्या आईला रोज रात्री आठला फोन. वय चौऱ्याऐंशी. आठला फोन आला नाही, तर ती सव्वाआठला भावाला, साडेआठला आमच्या शेजाऱ्यांना आणि नऊनंतर देवाला कामाला लावते.

कळसूबाईला ही अट सहज निभावली. पहाटे चारला निघालो, त्या लोखंडी शिड्यांवर यांनी माझी पिशवी घेतली आणि मी यांचा आत्मविश्वास सांभाळला. वर देवळापाशी फोनला भरपूर रेंज. १६४६ मीटरवरून, महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच टोकावरून, आईला व्हिडिओ कॉल लावला. मागे भंडारदऱ्याचं पाणी चकाकत होतं. आईने विचारलं, ‘टोपी घातलीस का गं?’

दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे आलो. रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळात तासभर रेंगाळलो, त्यातच दुपार झाली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, तुम्हाला ते रोजचंच. पण सांदण दरी मात्र मला अजून रात्री डोळ्यांसमोर येते. गावातून थोडं चालल्यावर जमीन अचानक चिरलेली, आत उतरलं की दोन्हीकडे उभे कातळ आणि वर आभाळाची एक चिंधी. पाणी आलं तेव्हा यांनी बूट काढून गळ्यात अडकवले आणि ‘मला येतं’ असं म्हणाले. ‘मला येतं’ हे वाक्य यांच्या तोंडून आलं की मी हल्ली देवाचं नाव घेते. पुढच्याच धोंड्यावर यांचा पाय घसरला आणि घोटा आत वळला.

त्यानंतरचे तीन तास तुम्ही काय केलंत ते मी शेजारी असून मला नीट सांगता येणार नाही. एवढं आठवतं की तुम्ही एकदाही घाई केली नाहीत. प्रत्येक दगडावर आधी तुमचा पाय, मग यांचा हात तुमच्या खांद्यावर, मग ‘काका, आता बसा जरा.’ मध्येच तुम्ही करवंदं काढून दिलीत. पाय सुजून लाल झालेला माणूस करवंदाच्या बिया मोजत बसलाय, हे मी लग्नाच्या एकतीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

घरी पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. वहिनींनी आंबेहळद उगाळायला घेतली. आणि मला एकदम आठवलं: आठ!

गावात एक काडीही रेंज नाही. मी रडकुंडीला आले. यांच्या पायासाठी रडले नव्हते, दादा, खरं सांगते. तुम्ही ओल्या कपड्यांनीच मोटारसायकल काढलीत. ‘नंबर लिहून द्या काकू, रेंजच्या दगडावर जाऊन येतो.’ मी वहिनींच्या रेशनच्या पावतीमागे नंबर लिहिला. हात इतका थरथरत होता की सातचा आकडा एकसारखा वाटेना, तर तुम्ही तो मोठ्याने वाचून खात्री करून घेतलीत.

तुम्ही आईला काय सांगितलंत ते मला नंतर तिच्याकडूनच कळलं. ‘आजी, काय बी काळजी करू नका. दोघं जेवाय बसलेत. नागलीची भाकरी हाय, पिठलं हाय. फोनला रेंज न्हाई म्हणून मी बोलतोय.’ त्या क्षणी आम्ही जेवत नव्हतो. यांचा पाय पाटावर होता आणि हे ओय ओय करत होते. दादा, हे खोटं तुम्ही बोललात, आणि त्याबद्दलच मुख्य आभार आहेत. खरं सांगितलं असतंत तर रात्रीतून माझा भाऊ गाडी काढून निघाला असता, आणि त्या घाटरस्त्याने त्याने काय केलं असतं याचा विचारही करवत नाही.

पुढचा भाग तर मला कुणी सांगितलाच नव्हता. आईने तुम्हाला वीस मिनिटं फोनवर धरून ठेवलं, हे खरं का? तुमची म्हैस किती दूध देते, वरई पेरता का, पोरं कितवीत. आणि तुम्ही डास चावून घेत, अंधारात दगडावर उभं राहून सगळ्याला उत्तरं दिलीत.

काजवे राहिले, असं हे लंगडत हळहळत होते. तर दुसऱ्या रात्री तुम्ही खाट मागच्या अंगणात ओढलीत, बॅटरी बंद करायला लावलीत (‘उजेड दिसला की ते गोंधळतात, जोडीला खुणवायचं राहून जातं’) आणि हिरड्याच्या झाडाकडे बघत बसा म्हणालात. पाच मिनिटं काही नाही. मग एका फांदीवर चमक, मग दुसऱ्या, मग अख्खं झाड एका लयीत उजळायचं आणि विझायचं. खाली रस्त्यावर मुंबईच्या गाड्यांचे हेडलाइट लांब रांगेत येताना दिसत होते. त्यांना कुणीतरी तुमच्यासारखं दटावायला हवं.

यांच्या पायाचा एक्स-रे काढला. हाड शाबूत आहे, लिगामेंट ताणलं होतं. आईला खरं काय ते आता कळलंय. ती माझ्यावर चिडली, तुमच्यावर नाही. ‘त्याने मला जेवण काय होतं ते तरी सांगितलं’ म्हणाली. आता रविवारी ती तुम्हाला फोन करते आणि लागला नाही की मला विचारते, ‘तो दगडावर गेला नाही वाटतं आज?’

जमलं तर गेलात की एक हाक मारा तिला. आणि हो, तुमची ती निळी बॅटरी यांच्या सॅकमध्ये आली आहे. दिवाळीला आणून देते, वहिनींसाठी चकलीचा सोऱ्याही घेऊन येते.

तुमची,
डोंबिवलीची काकू