बहात्तर चुका

प्रिय अव्या,

खिळ्यांवर दोरा ताणून हृदय काढायची तुझी फळी फोटोत पाहिली. दोरा सैल पडतोय, कारण खिळे आतल्या बाजूला झुकलेत. सहा मिमीच्या प्लायमध्ये ते व्हायचंच. १२ मिमीचा घे. पार्टिकल बोर्ड नको, भुशात खिळा पकड धरत नाही.

खिळे म्हणजे डोकंवाल्या बारीक चुका, एक इंची. डोकं नसेल तर दोरा वरून निसटतो. १० मिमी आत, १५ बाहेर. उंची सारखी येण्यासाठी १५ मिमी जाडीची पट्टी चुकेला चिकटवून ठेव आणि हातोडी पट्टीला टेकेपर्यंत ठोक. चूक पकडीनेच धर, बोटं वाचतील.

वर्तुळ ३० सेमी व्यासाचं, आधी कागदावर. कोनमापकाने दर ५ अंशांना खूण कर आणि ओळीने १ ते ७२ आकडे घाल, म्हणजे ७२ चुका, मध्ये साधारण १३ मिमी. कंपासने घर, म्हणजे दोन चुकांमधलं अंतर, मोजत पुढे सरकू नकोस. दर वेळी अर्धा मिमी चुकलं तरी शेवटी ३६ मिमीची फट पडते. कागदावरून ठोकून मग तो फाडून काढायचा. आकडे त्याच्यासोबत जातात, म्हणून चुकांच्या बाहेरून कागदी टेप लावून त्यावर दर पाचवा आकडा लिही.

आता दोरा. क्रोशाचा सुती घे. रेशमी दिसतो झकास, पण गाठीत घसरतो. १६ मीटर लागतो, २० काप. गाठीवर फेविकॉलचा थेंब टाक आणि टोक वाळल्यावरच काप.

नियम एकच: प्रत्येक चुकेपासून दुपटीच्या चुकेकडे. ३७ ची दुप्पट ७४, त्यातून ७२ गेले, राहिले २. दोरा न तोडता जायचं तर दुपटीच्या टोकाला दोन घरं सरक, मूळ टोकाला एक: २, ४, ६, ३, ४, ८, १०, ५, ६, १२, १४, ७... प्रत्येक चुकेला एक वेढा, नेहमी एकाच दिशेने.

गंमत इथे आहे. सम आकड्यांच्या चुकांवर तीन-तीन दोरे येतात, विषमांवर एकेकच. म्हणून सम चुका आधी वाकतात. दोरा ताठ हवा, पण चूक हलेल इतका ओढू नकोस. पहिले वेढे लाकडाजवळ बसव, तिथे ओढ चुकेला कमी वाकवते. एखादं घर चुकलं तर हृदयाच्या कडेवर खाच दिसते आणि तिथपर्यंत उसवावंच लागतं, म्हणून दर दहाबारा ओळींनी लांबून बघ.

टांगताना ७२ खाली ठेव. हृदयाची खोबण ३६ च्या बाजूला, केंद्रापासून ५ सेमी वर येते. उलटं टांगलंस तर लोक पान समजतील!

पुढच्या वेळी दुपटीऐवजी तिप्पट कर: उन्हात ठेवलेल्या स्टीलच्या डब्याच्या तळाशी दोन कमानींची जी चकाकती रेघ दिसते ना, तोच वक्र उतरतो. मात्र ७२ ला तीनने भाग जातो, सगळा भार दर तिसऱ्या चुकेवर पडेल. ८० चुका घे, दर साडेचार अंशांना.

तुझा,
मकरंद