धूर कुणाचा, हे रोज सांगा : पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यावरणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदया,
सप्रेम नमस्कार.

हिवाळ्यात मुंबईचा एक्यूआय (हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक) चढला की पुढचं सगळं ठरलेलं असतं. बांधकामांना नोटिसा, रस्त्यांवर पाण्याचे फवारे, बेकऱ्यांच्या लाकडी भट्ट्यांवर चर्चा. हे करायलाच हवं. पण त्या दिवशी चेंबूरच्या हवेतला किती धूर चेंबूरचा आणि किती तळोजा, अंबरनाथ, भिवंडीकडचा, हे रोजच्या रोज कुणी सांगत नाही. (शेजारच्या माहुलमधल्या रिफायनऱ्यांकडे बोट दाखवणं त्या मानाने सोपं.)

म्हणून मागणी एकच. अख्ख्या महानगर प्रदेशासाठी प्रदूषणाचे स्रोत शोधणारं संगणकीय मॉडेल रोज चालवा आणि त्याचे आकडे जाहीर करा.

पुण्याच्या आयआयटीएमने (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने) २०२१ साली दिल्लीसाठी अशी प्रणाली उभी केली. वारा, तापमान आणि उत्सर्जनाची माहिती घालून ती पीएम २.५ मधला, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांमधला, दिल्लीच्या वाहनांचा, शेजारच्या जिल्ह्यांचा, शेतात जाळलेल्या काडाचा वाटा किती, याचा अंदाज देते. संस्था पुण्याची आणि हिशेब दिल्लीचा!

मुंबईला तर याची गरज जास्तच. इथे रात्रीचे मतलई वारे जमिनीवरचा धूर समुद्राकडे नेतात आणि दुपारचे खारे वारे त्यातला काही परत आणतात. खारा वारा उशिरा सुटला की सगळं शहरावरच साचतं. शिवाय चिमणीतून वायू म्हणून निघालेल्या सल्फर डायऑक्साइडचे वाटेत सल्फेटचे कण होतात, ते चिमणीपाशी मोजून कसे सापडणार? जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानकडून गुजरातमार्गे आलेल्या धुळीने मुंबई झाकोळली, तेव्हा कुठल्या बिल्डरला नोटीस देणार होतो?

मॉडेल म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, हेही खरं. उत्सर्जनाची यादी, म्हणजे कुठून किती धूर निघतो याची नोंद, जुनी असेल तर उत्तर चुकणारच. दिल्लीच्या प्रणालीवर नेमका हाच आक्षेप आला. त्यामुळे खरं काम यादीचं आहे, आणि ते कंटाळवाणं आहे. आरएमसी (तयार काँक्रीटचे) प्लांट, उरणच्या बंदराकडे जाणारे कंटेनर, डिझेल जनरेटर, जागोजागी पेटवला जाणारा कचरा, कारखान्यांचं रात्रीचं इंधन, सगळं नकाशावर यायला हवं आणि दरवर्षी तपासलं जायला हवं. फिल्टरवर जमलेल्या कणांच्या रासायनिक तपासणीशी मॉडेलचं उत्तर ताडून पाहा. जिथे जुळत नाही, तेही छापा.

पालिकेची हद्द दहिसर-मुलुंडला संपते. तळोज्याच्या कारखान्यांना संमतीपत्र देतं प्रदूषण नियंत्रण मंडळ, आणि मंडळ आपल्या खात्याकडे आहे. म्हणून हे पत्र आयुक्तांना नाही, आपल्याला. यादीचं काम कुणाकडे दिलं आणि ते कधी पुरं होणार, एवढं तरी येत्या दिवाळीआधी जाहीर करावं.

आपला,
चेंबूरचा एक रहिवासी