ऑइलमध्ये उतरणारे पेट्रोल

बडोदे

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. इंदूरच्या तुमच्या शाळेच्या मैदानावर गवत कापणाऱ्या, बसून चालवायच्या त्या यंत्राच्या ऑइलला पेट्रोलचा वास येतो आणि डिपस्टिकवरची (ऑइल मोजायच्या पट्टीवरची) पातळी वरच्या खुणेपलीकडे गेली आहे, हे वाचून काळजी वाटली. दोष सापडेपर्यंत ते इंजिन कृपा करून एकदाही सुरू करू नकोस. पेट्रोल मिसळून पातळ झालेले ऑइल बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) यांच्यावर टिकत नाही. शिवाय पेट्रोल सिलिंडरमध्ये साचले असेल, तर द्रव दाबला जात नसल्यामुळे स्टार्टरच्या एका जोरदार फिरकीतही रॉड वाकू शकतो.

तुमच्या मिस्त्रीने पिस्टनच्या रिंगा बदलायला सांगितल्या आहेत, तो खर्च तूर्त थांबव. रिंगा झिजल्या की ऑइल जळते, निळसर धूर येतो आणि पातळी खाली जाते. तुझ्याकडे ती वर चढते आहे. रिंगांवरून पेट्रोल खाली उतरते हे खरे, पण धडधाकट रिंगाही बंद असलेल्या इंजिनात द्रव पेट्रोल अडवून धरू शकत नाहीत. त्यामुळे शोध घ्यायचा तो इतके पेट्रोल तिथे पोचते कोठून याचा.

माझा पहिला संशय कार्बोरेटरमधल्या फ्लोटच्या नीडलवर आहे. कार्बोरेटरमधली पेट्रोलची वाटी भरली की फ्लोट, म्हणजे तिच्यातला तरंगणारा भाग, वर येऊन नीडलने वाट बंद करतो; तिच्या टोकाशी कचरा अडकला, टोकावर वळ पडला किंवा फ्लोटमध्येच पेट्रोल शिरले, तर वाटी ओसंडते आणि टाकी उंचावर असल्यास यंत्र नुसते उभे असतानाही पेट्रोल इनटेकमधून (आत जायच्या वाटेने) सिलिंडरकडे जात राहते. वाटीखालचा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) किल्ली बंद करताच पेट्रोल थांबवतो असे पुष्कळांना वाटते; तो केवळ मुख्य जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र, बंद करतो, ओसंडणे त्याच्या हाती नाही. इकडे बडोद्यात झड लागली की आमचे यंत्र शेडमध्ये बरेच दिवस उभे असते, म्हणून कापणी संपताच पेट्रोल कॉक बंद करण्याचा मी आग्रह धरतो. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, त्यामुळे जुन्या यंत्राच्या रबरी भागांकडे अधिकच लक्ष द्यावे लागते.

दुसरी वाट फ्युएल पंपाची. क्रँककेसमधल्या (इंजिनाच्या तळाच्या, ऑइल असलेल्या भागातल्या) दाबाच्या चढउतारावर चालणारा पंप असेल, तर त्याचा डायफ्राम (आतला लवचीक पडदा) फाटल्यावर पेट्रोल पल्सच्या नळीतून, म्हणजे तो दाब पंपाला पोचवणाऱ्या नळीतून, थेट क्रँककेसमध्ये उतरते. ती नळी पंपापासून सोडवून पाहा. आत द्रव पेट्रोल दिसले तर पंपच दोषी समज. ती कोरडी असेल, तर कार्बोरेटर उतरवून उलटा धर, पेट्रोल येते त्या तोंडाला स्वच्छ नळी लाव आणि हळूच फुंक. हवा आत जाता कामा नये. कॉम्प्रेसरची हवा मात्र लावू नकोस, तिने चांगली नीडलही बिघडते. फ्लोट कानाशी हलवून आत पेट्रोल खळखळते का तेही ऐक. नीडल स्वस्तात बदलता येते. पण ती जिच्यावर टेकते ती बैठकच खराब असेल आणि ती सुटी मिळत नसेल, तर पूर्ण कार्बोरेटर बदलणे बरे.

हे सगळे मोकळ्या हवेत, थंड इंजिनावर, बॅटरीची तार सोडवून आणि विडी-काडी दूर ठेवून कर, कारण पेट्रोलची वाफ थंडीतही पेट घेते. सिलिंडर रिकामा करण्यासाठी प्लग काढून इंजिन हाताने सावकाश फिरव. प्लगच्या छिद्रातून पेट्रोल उडते, तेव्हा समोर कोणाला उभे राहू देऊ नकोस. जुने ऑइल आणि फिल्टर दोन्ही काढ. ते ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नकोस, चूल पेटवायला तर मुळीच देऊ नकोस. झाकणाच्या डब्यात भरून जुने ऑइल गोळा करणाऱ्याकडे पाठव.

दुरुस्तीनंतर नवे ऑइल भरून यंत्र सपाट जागी ठेव, कॉक उघडा राहू दे आणि रात्रीची पातळी डिपस्टिकवर खूण करून सकाळी ताडून पाहा. ती जागची हलली नाही, तर थोडा वेळ इंजिन चालवून पुन्हा पाहा. यंत्र उभे असताना पातळी स्थिर राहून इंजिन चालताना वाढली, तर अर्धवट अडकलेला चोक आणि ठिणगी न देणारा प्लग तपास. न जळलेले पेट्रोल तिथूनही खाली येते. दोन्ही वेळच्या खुणा आणि पल्सच्या नळीत काय दिसले, एवढे मला लगेच कळव.

तुझा,
माधव