नातीचा तिसरा विषय

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही विचारलंत, "मार्क चांगले पडतायत, मग पोरगी सायन्स का सोडतेय?" नात शेजारीच बसली होती, त्यामुळे मला मोकळेपणाने बोलता आलं नाही. म्हणून आज सविस्तर लिहिते. आईलाही वाचून दाखवा.

इथे इंग्लंडात दहावीनंतर आपल्यासारख्या शाखा नसतात. सोळाव्या वर्षी जीसीएसईची परीक्षा झाली की पुढच्या दोन वर्षांसाठी बहुतेक मुलं फक्त तीन विषय घेतात. त्याला ए-लेव्हल म्हणतात. शाळेच्या वेळापत्रकात बसत असेल तर गणित, इतिहास आणि चित्रकला असे तीन विषयही एकत्र घेता येतात. तीनच असल्यामुळे प्रत्येक विषय खूप खोलात शिकवतात आणि लेखी परीक्षा थेट दोन वर्षांच्या शेवटी होते. युनिव्हर्सिटीत कशाला प्रवेश मिळेल, हेही बरंचसं याच विषयांवर ठरतं. त्यामुळे घरात सध्या दुसरा विषयच नाही.

इतिहासाबद्दल तिच्या मनात जराही शंका नाही, आणि माझ्याही. सनावळ्या पाठ करण्याचा तो इतिहास नव्हे, बाबा. एका पेपरात तीन इतिहासकारांचे उतारे देतात आणि प्रत्येकाचा युक्तिवाद कितपत पटतो ते साधार लिहायला सांगतात. दुसऱ्या पेपरात त्या काळातली पत्रं, भाषणं, सरकारी कागद येतात. कागद कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, त्यावर कुठवर विसंबायचं, हे तपासायचं. दोन्ही पेपर अडीच-अडीच तासांचे. उरलेले वीस टक्के मार्क स्वतः विषय निवडून लिहायच्या दीर्घ निबंधाला. तो साडेतीन ते साडेचार हजार शब्दांचा असतो आणि त्यात साधारण शंभर वर्षांचा पट घ्यावा लागतो.

या निबंधासाठी तिने आत्ताच काय मनात धरलंय, सांगू? १८७५ चे दख्खनचे दंगे! पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज, कर्जरोखे बाहेर काढून जाळले, ते प्रकरण. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, युद्ध संपल्यावर कोसळले, त्यातच सरकारने शेतसारा वाढवला आणि शेतकरी सावकाराच्या कचाट्यात सापडला, अशी मांडणी तिने कुठेतरी वाचली. मग तिला असेही इतिहासकार सापडले, जे म्हणतात की हे दंगे मुळात तेवढे मोठे नव्हतेच, पुढे त्यांचा गाजावाजा फार झाला. ती दोन्ही बाजूंच्या नोट्स काढत बसली आणि जेवायला तीनदा हाक मारावी लागली. "आई, दंगे लहान असतील तर १८७९ मध्ये सरकारला शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा का करावा लागला?" हा प्रश्न तिचा स्वतःचा. शाळेने विषयाला मंजुरी द्यायला हवी, ती मिळेल असं वाटतंय. ज्या मुलीला असे प्रश्न पडतात, तिच्यासाठी इतिहास बिनकामाचा विषय आहे असं मला कोणी पटवू शकणार नाही.

दुसरा विषय इंग्रजी साहित्य. त्यात किमान आठ पुस्तकं, शेक्सपिअर सक्तीचा. ती लहानपणापासून वाचते, तेव्हा त्यावर जास्त लिहीत नाही.

खरी ओढाताण तिसऱ्या विषयावरून आहे. तिला राज्यशास्त्र हवंय, मला भूगोल बरा वाटतो.

तिचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नाही. इथे जुलै २०२४ मध्ये निवडणूक झाली, त्यात मजूर पक्षाला सुमारे ३४ टक्के मतं मिळाली आणि पार्लमेंटच्या जवळजवळ ६३ टक्के जागा. हे न्याय्य आहे का, आणि नसेल तर दुसरी कोणती पद्धत आणावी, यावर ती तासभर बोलू शकते. आपल्याकडेही लोकसभेची पद्धत हीच आहे, हे कळल्यावर तर विचारूच नका. राज्यशास्त्रात असेच प्रश्न असतात, शिवाय उदारमतवाद, समाजवाद, पुराणमतवाद यांचे मूळ विचारवंत वाचायचे. कोर्सवर्क, म्हणजे परीक्षेबाहेर करून द्यायचं निबंध-प्रकल्पाचं काम, काहीच नाही, सगळे मार्क लेखी परीक्षेवर.

पण मी रोजच्या कामाचा विचार करते. इतिहास, साहित्य आणि राज्यशास्त्र घेतलं तर दोन वर्षं नुसते निबंधच निबंध. भूगोलात किमान चार दिवस प्रत्यक्ष बाहेर जाऊन पाहणी करावी लागते. समुद्रकिनाऱ्यावर मोजमाप घ्यायचं, लोकांना प्रश्नावली द्यायची, आकडे मांडायचे, त्यातला संबंध खरा की योगायोग हे संख्याशास्त्राने तपासायचं. यॉर्कशायरमध्ये होल्डरनेसचा किनारा आहे, तिथे काही भागांत समुद्र वर्षाला दोनेक मीटर जमीन खातो. शेतं जातात, घरं जातात. कुठे भिंत बांधायची आणि कुठली वस्ती सोडून द्यायची, हा प्रश्न जितका भूगोलाचा तितकाच राजकारणाचा. तिला जे राज्यशास्त्रात हवंय, ते तिला इथेही सापडेल, आणि आकड्यांशी असलेलं नातंही तुटणार नाही.

भूगोलाची एक अडचण आहे. त्यालाही वीस टक्क्यांचा स्वतंत्र प्रकल्प असतो. म्हणजे तिन्ही विषयांचं कोर्सवर्क दुसऱ्या वर्षी एकत्र अंगावर येणार, तेही युनिव्हर्सिटीचे अर्ज भरायच्या धामधुमीत. ती हाच मुद्दा धरून बसलीय आणि तो बरोबर आहे, हे मला मान्य करावंच लागतं. तरीही माझा कल भूगोलाकडेच आहे. शेवटी ठरवणार तीच.

तुम्हाला नोकरीची काळजी वाटते, ते समजतं. तिच्या डोक्यात सध्या वकिली आहे. इथे कायद्याच्या पदवीसाठी शाळेत कायदा शिकलेला असावा अशी अट नसते. मुद्देसूद वाचन आणि लेखन लागतं, ते या विषयांत घोटून घेतात. इथल्या मोठ्या विद्यापीठांच्या रसेल ग्रुपची पूर्वी पसंतीच्या विषयांची यादी असे. त्यात इतिहास, भूगोल, इंग्रजी साहित्य होतं, राज्यशास्त्र नव्हतं. ती यादी २०१९ मध्ये त्यांनीच काढून टाकली, पण पालक अजून तिच्यावरूनच बोलतात. त्या धाकाने मी काही ठरवणार नाही.

आता तुमच्याकडे दोन कामं. एक म्हणजे, मे-जूनमध्ये तिची परीक्षा आहे, तोवर फोनवर सायन्सचा विषय काढू नका. शेवटची नावनोंदणी ऑगस्टमध्ये निकाल लागल्यावर होईल, तेव्हा तुम्ही तिच्याशी सरळ बोला. तुमचं ती माझ्यापेक्षा जास्त ऐकते. दुसरं, वाचनालयात पुणे जिल्ह्याचं इंग्रजांच्या काळातलं गॅझेटियर असेल, तर त्यातली सावकारी आणि कर्जाबद्दलची पानं बघून ठेवा. फोटो काढून पाठवलेत तरी चालेल. मोडीतला एखादा जुना कर्जरोखा कुणाकडे पाहायला मिळाला तर तिला हवाच आहे. तिला मोडी येत नाही, तुम्हाला येते.

आईच्या गुडघ्याचं काय झालं ते लिहा.

तुमची लेक